परदेशातील खर्च आणि कार्डांचा हिशेब
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात नवापूर येथे केलेले भाषण)



आजच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. आम्ही जन्मभर शाळेत गणित शिकविले. तेव्हा ज्यात दोन-चार त्रैराशिके मांडता येतील असाच विषय आम्ही घेतला आहे. परदेशी जाताना पैसा कोणत्या मार्गाने न्यावा आणि त्या त्या मार्गावर तो वाटेत किती गळतो, हा तो विषय होय.

नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव या किनाऱ्यावरील आपली कुटुंबे एके काळी समुद्रावर आणि वाडीवर जगत. पुढे बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, आणि आपल्या मुलांना कारखान्यांची व कचेऱ्यांची दारे उघडली. आता त्यांची मुले त्याही पलीकडे निघाली आहेत. कोणी व्यापारी जहाजावर आहे, कोणी आखातात आहे, कोणी जर्मनीत अथवा कॅनडात शिकावयास गेला आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी ज्यांनी कधी विमानतळ पाहिला नव्हता, अशा आयाही आता परदेशी जाऊन येतात. ही आपल्या समाजास भूषणावह गोष्ट होय.

परंतु हा पैसा येतो कोठून, हे या मंडपात बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. कोणी होडीवर कर्ज काढलेले असते, कोणी वाडीचा तुकडा विकलेला असतो, कोणा माउलीने अंगावरचे सोने गहाण ठेवलेले असते. अशा पैशातील शंभरामागे चार रुपये जरी वाटेत गेले, तरी पाच लाखांवर वीस हजार रुपये होतात. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाचा साधारण एका महिन्याचा शिधा एवढ्यात निघतो. ही गळती कोणी चोरी करून होत नाही. ती छापील नियमाप्रमाणे, आपल्याच सहीने होते. म्हणूनच ती समजून घेणे अगत्याचे आहे.

आरंभी थोडा मागील इतिहास पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परकीय चलनाची देशास इतकी टंचाई होती की, प्रवाशापुढे प्रश्न असे तो परकीय चलन मिळेल की नाही हा. १९४७ चा परकीय चलन नियंत्रण कायदा व त्यानंतरचा १९७३ चा कायदा यांनी डॉलर-पौंडांवर कडक पहारा ठेवला होता. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपयांवर गेला. परदेशी शिकणाऱ्यांच्या आईबापांना तो किती जड गेला असेल, याची कल्पना करावी. ज्यास चलन मिळे, तो प्रवासी धनादेश, म्हणजे ट्रॅव्हलर्स चेक, घेऊन जाई. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने १८९१ साली ते काढले, आणि पुढे सुमारे शंभर वर्षे प्रवाशाच्या खिशात त्यांचेच राज्य होते.

पुढे काळ पालटला. १ जून २००० पासून परकीय चलन व्यवस्थापन कायदा, ज्यास आपण फेमा म्हणतो, तो अमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने रहिवासी व्यक्तीस ठराविक रक्कम परदेशी पाठविण्याची मोकळीक दिली. ती मर्यादा आरंभी वर्षास २५,००० डॉलर होती. २०१५ सालापासून ती २,५०,००० डॉलर झाली. म्हणजे चलन मिळण्याची अडचण सामान्य कुटुंबापुरती मिटली. आता प्रश्न उरला आहे तो ते काय किमतीस पडते, एवढाच.

ही किंमत काढण्याची रीत आपणांस नवी नाही. मासळी मुंबईस पाठविल्यावर दलालाची पट्टी येते. पट्टीवर भाव चांगला लिहिलेला असला, म्हणून आपण हुरळून जात नाही. त्यातून बर्फ, टेम्पो, हमाली आणि दलाली वजा जाता हातात काय पडले, हे आपल्या बायका बोटांवर मोजून सांगतात. कार्डाचाही हिशेब तसाच करावयाचा आहे. फक्त दिशा उलटी. परदेशात हजार युरो खर्चावयास मिळावे, म्हणून घरातून एकूण किती रुपये गेले? हा एकच प्रश्न प्रत्येक कार्डास विचारावा.

आता कार्डांचे प्रकार पाहू. पहिले आपले नेहमीचे बँकेचे कार्ड. त्यातही डेबिट कार्डाने आपल्या खात्यातील पैसा लगेच जातो आणि क्रेडिट कार्डाने बँकेचा पैसा जातो, जो आपण मुदतीत फेडावयाचा असतो. दुसरे आधी पैसे भरून घेतलेले प्रवासी कार्ड, ज्यास बाजारात फॉरेक्स कार्ड म्हणतात. निघण्यापूर्वी रुपये देऊन त्यात डॉलर, युरो, पौंड असे परकीय चलन भरून ठेवावयाचे आणि तेथे ते खर्चावयाचे. भाव भरतेवेळीच ठरतो; मागाहून रुपया घसरला तरी भरलेल्या रकमेस धक्का लागत नाही. अर्थात रुपया वधारला तर त्याचा लाभही मिळत नाही.

आमच्या त्रैराशिकासाठी आपण असे धरू की, जगाच्या बाजारात एका युरोस बरोबर १०० रुपये पडतात. हा आजचा भाव नव्हे. गणित तोंडी करता यावे म्हणून घेतलेला आकडा आहे. तेव्हा १,००० युरोंची मूळ किंमत एक लाख रुपये झाली. त्यावर जे काही अधिक जाईल, तो मार्गाचा खर्च.

साधे बँकेचे कार्ड परदेशी दुकानात वापरले, म्हणजे व्हिसा अथवा मास्टरकार्ड यांच्या भावाने रुपयांत हिशेब होतो. हा भाव बाजारभावाच्या पुष्कळ जवळ असतो. परंतु त्यावर आपली बँक आपला आकार लावते, ज्यास मार्कअप म्हणतात. पुष्कळ कार्डांवर तो शेकडा दोनपासून साडेतीनपर्यंत असतो, आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी लाखावर ३,५०० रुपये, त्यावर जीएसटी ६३०, एकूण ४,१३०. दोन टक्क्यांचे कार्ड असेल तर २,००० आणि ३६० मिळून २,३६०. काही बँका मार्कअप न लावणारी कार्डेही देतात. तेथे हा खर्च शून्यावर येतो. मात्र अशा कार्डाची वार्षिक वर्गणी अथवा खात्यात ठेवावयाची किमान शिल्लक किती, हे पाहून मगच ते स्वस्त म्हणावे.

आता फॉरेक्स कार्ड घेऊ. येथे मार्कअप नाही, असे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि ते खोटे नसते. पण विकणारा युरो शंभरास देत नाही. समजा तो १०१ रुपये ५० पैशांस देतो. म्हणजे दीड हजार रुपये भावातच गेले. चलनबदलावरील जीएसटी एक लाखास १८० रुपये, या रकमेस १८१ च्या आसपास. कार्ड काढण्याचे समजा ३०० रुपये व त्यावरील कर ५४. सर्व मिळून २,०३५ रुपये झाले. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या बँक कार्डाहून निम्म्याने स्वस्त, दोन टक्क्यांच्या कार्डाहून किंचित स्वस्त, आणि मार्कअप नसलेल्या कार्डाहून महाग. तोच विक्रेता १०४ रुपयांनी युरो देऊ लागला, तर हे सर्व गणित उलटे होईल. सबब भाव विचारल्यावाचून कोणते कार्ड स्वस्त, हा प्रश्नच अपुरा आहे. आणि भाव विचारावयाचा तो एकाच दिवशी, एकाच वेळी, निदान तीन ठिकाणी. कारण भाव दिवसभर हलत असतो.

येथवर साधा हिशेब झाला. आता ज्या चार ठिकाणी आपले लोक फसतात, ती ठिकाणे सांगतो.

पहिले ठिकाण चलनाची गल्लत. आमच्या परिचयातील एक दांपत्य लेकीकडे जर्मनीस निघाले. डॉलर म्हणजे जगाचे चलन, या समजुतीने त्यांनी कार्डात डॉलर भरले, आणि विकणाऱ्यानेही कोणत्या देशी जाता हे विचारले नाही. तेथे खर्च सगळा युरोत. डॉलरचे युरो करताना प्रत्येक वेळी आणखी आकार बसला. अशा दुहेरी बदलास साधारण शेकडा साडेतीनपर्यंत आकार असतो. आपल्या त्रैराशिकात हे ४,१३० रुपये वरच्या २,०३५ मध्ये मिळविले, म्हणजे ६,००० च्या वर खर्च गेला. स्वस्त मार्ग सर्वांत महाग झाला. आखातात जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम डॉलरशी ३.६७२५ या ठरीव भावाने बांधलेला आहे. तरी म्हणून डॉलरचे कार्ड दुबईत विनाआकार चालेल, असे गृहीत धरू नये. ज्या देशी जावयाचे, त्याच देशाचे चलन भरावे.

दुसरे ठिकाण एटीएम. तेथे दर खेपेस ठरीव आकार पडतो. समजा तो १५० रुपये आहे, करासह १७७. हजार युरो शंभर-शंभर करून दहा खेपांत काढले तर १,७७० रुपये गेले. पाचशे-पाचशे करून दोन खेपांत काढले तर ३५४. यंत्र ज्याच्या मालकीचे, तोही कधी आपला आकार घेतो, तो निराळाच. तेव्हा खेपा कमी कराव्या. मात्र सगळी रोकड एकाच खिशात ठेवू नये. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड कधीही काढू नये. खरेदीवर जी बिनव्याजी मुदत मिळते, ती रोकडीस मिळत नाही. व्याज पहिल्या दिवसापासून लागते, आणि रोकड काढण्याचा आकार वेगळा.

तिसरे ठिकाण सर्वांत गोड आहे. परदेशातील दुकानात अथवा यंत्रावर कार्ड लावले की पडद्यावर प्रश्न येतो : रुपयांत देणार की येथील चलनात? आपला रुपया पाहून मन हरखते आणि बोट रुपयांवर पडते. अशा वेळी चलनबदलाचा भाव ठरवितो तो तेथील यंत्रवाला, आणि त्यात त्याचा नफा धरलेला असतो. तो शेकडा पाच असला, तर लाखावर पाच हजार गेले. शिवाय आपल्याकडील काही बँका, व्यवहार रुपयांत झाला असला तरी तो परदेशी व्यवहार म्हणून निराळा आकार लावतात. याकरिता नियम एकच : नेहमी तेथील चलन निवडावे. आमच्या भगिनींनी एवढे एक वाक्य पाठ केले, तरी आजच्या भाषणाचे सार्थक झाले.

चौथे ठिकाण उरलेली रक्कम. समजा परत येताना कार्डात २०० युरो उरले. घेताना भाव १०१.५० होता, परत देताना ९८.५० मिळाला. ६०० रुपये गेले, वर कराचे किमान ४५. म्हणून लागेल त्याहून थोडे कमीच भरावे. कमी पडल्यास येथून घरच्यांना पुन्हा भरता येते. उरलेले परकीय चलन परत आल्यापासून १८० दिवसांत बँकेस द्यावे, असा नियम आहे; २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा मात्र जवळ ठेवता येतात. कार्ड कपाटात पडून राहिले, तर काही ठिकाणी न वापरल्याचाही आकार कापला जातो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हॉटेलात अथवा भाड्याची मोटार घेताना अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. भरणा केलेल्या कार्डावर ती अडकली तर कित्येक दिवस आपलाच पैसा आपल्यास वापरता येत नाही. अशा कामास क्रेडिट कार्ड बरे. उलट पक्षी, कार्ड हरवले अथवा चोरास सापडले, तर फॉरेक्स कार्डात भरले तेवढ्याच रकमेस धोका. डेबिट कार्डामागे मात्र घरचे सगळे खाते उभे असते. शहाण्याने म्हणून दोन प्रकारची कार्डे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

आता करासंबंधी थोडेसे. परदेशी पाठविलेल्या रकमेवर बँक जो टीसीएस गोळा करते, त्याची आपल्या लोकांत मोठी धास्ती आहे. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा आर्थिक वर्षास ७ लाखांवरून १० लाख रुपये झाली; त्याखालील रकमेस तो लागत नाही, आणि वर गेल्यास फक्त वरच्या भागावर लागतो. शिक्षणासाठी दर कमी, प्रवासादी इतर कारणांसाठी अधिक. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून पाठविण्याच्या दिवशी बँकेत विचारावे. मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेवर तो १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकला आहे. फॉरेक्स कार्डातील भरणा आणि डेबिट कार्डाचा परदेशी खर्च या हिशेबात येतो. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च त्यात धरण्याचे सरकारने २०२३ साली योजिले होते. पण २८ जून २०२३ रोजी ते पुढे ढकलले.

मुख्य गोष्ट ही की, टीसीएस हा खर्च नव्हे. तो आपल्या नावावर आगाऊ जमा झालेला आयकर आहे. विवरणपत्र भरले म्हणजे तो वळता होतो अथवा परत मिळतो. आपल्या कित्येक घरांत उत्पन्न करपात्र नसते, म्हणून विवरणपत्र भरण्याची सवयच नाही. अशा घरातून मुलासाठी पैसा गेला आणि टीसीएस कापला गेला, तर विवरणपत्रावाचून तो तसाच सरकारजमा राहील. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी हे काम टाळू नये.

मग कोणी काय करावे? शिकावयास जाणाऱ्याने मोठी रक्कम कार्डावर नेऊच नये. जर्मनीचेच पाहा. तेथील व्हिसासाठी निर्वाहाची तरतूद म्हणून बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हा आकडा १ सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे. ती रक्कम बँकेतून थेट पाठवावयाची असते, आणि विद्यार्थ्यास तेथे पोहोचून खाते सुरू केल्यावर महिन्यास ९९२ युरो याप्रमाणे मिळते. कार्डाची गरज लागते ती मधल्या काही आठवड्यांपुरती. तेवढ्यासाठी युरोचे फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड पुरे.

महिना-दीड महिना लेकीकडे जाणाऱ्या आईबापांनी ठरीव खर्चापुरते त्या देशाच्या चलनाचे फॉरेक्स कार्ड घ्यावे, आणि अडीअडचणीस एक बँकेचे कार्ड जवळ ठेवावे. फॉरेक्स कार्डाने आणखी एक सोय होते : भरले तेवढेच आहे, हे समोर दिसते, आणि हात आवरता राहतो. जहाजावरील मुले अनेक बंदरांत, अनेक चलनांत थोडे थोडे खर्च करतात. त्यांना प्रत्येक चलन भरून ठेवणे शक्य नाही. त्यांनी मार्कअप नसलेले अथवा कमीत कमी असलेले बँकेचे कार्ड शोधावे.

निघण्यापूर्वी कार्ड परदेशात वापरण्याची परवानगी सुरू करून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०२० सालापासून नवे बँक कार्ड मुळात देशातच चालते. परदेशी वापर खातेदाराने स्वतः चालू करावा लागतो. हे न केल्याने परक्या विमानतळावर रात्री कार्ड चालेना आणि इकडे आईबापांची झोप उडाली, असे प्रकार घडतात. बँकेच्या खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक तेथे चालू राहील, हेही पाहावे. नाही तर बँकेचा गुप्त क्रमांक येणार कोठे?

शेवटी ज्ञातिसंघापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. आपल्या समाजातील कित्येक तरुण-तरुणी बँकांत नोकरीस आहेत. त्यांनी दर तीन महिन्यांनी निरनिराळ्या कार्डांचे आकार एका तक्त्यात लिहून संघाच्या कचेरीत लावावे. त्यात भाव, मार्कअप, दुहेरी बदलाचा आकार, एटीएमचा आकार आणि परत देतानाचा भाव, एवढे पाच रकाने असावे. दुसरी सूचना अशी की, संघाच्या शिष्यवृत्तीवर अथवा स्वखर्चाने परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास आणि त्याच्या आईबापांस निघण्यापूर्वी एक तास एकत्र बसवून हा हिशेब समजावून द्यावा. आईबापांस, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण पैसा त्यांचा असतो, आणि कचेरीच्या खिडकीपुढे प्रश्न विचारण्याचा संकोचही त्यांनाच वाटतो. बाजारात पापलेटच्या जोडीसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या आपल्या समाजाने लाख रुपये देताना भाव विचारावयास लाजू नये.